माझ्या फाइलीची प्रत दुसऱ्याने मागितली तेव्हा

माहिती अधिकाराचे अर्ज मी रोज टाइप करते. तालुक्याच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं टेबल आहे. जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, खाली अर्जदाराची सही, हे सगळं मला पाठ आहे. सातबारा, फेरफार, घरकुलाच्या याद्या, रस्त्याची बिलं असं लोक मागतात आणि मागायलाच हवं. पण कुणी तरी अर्ज करून माझीच फाइल मागेल, आणि कचेरीचं पत्र मला येईल की 'द्यायची का, तुमचं काय म्हणणं आहे', हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं होतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना मोफत वकील देणारं हे सरकारी कार्यालय, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली चालणारं. माझे यजमान गेल्यावर सासरच्या जमिनीतल्या वाटणीसाठी मी तिथे अर्ज केला होता. थोरल्या दिरांचं म्हणणं असं की यजमानांनी मरणाच्या काही महिने आधी हक्कसोडपत्र करून दिलं. माझं म्हणणं असं की त्या काळात ते इस्पितळात होते आणि सही करण्याच्या अवस्थेत नव्हते. आजार कोणता हे मी इथेही लिहिणार नाही. गावात एकदा त्या आजाराचं नाव निघालं असतं तर माझ्या मुलीला शाळेत कुणी शेजारी बसवून घेतलं नसतं.

आता त्या फाइलीत काय काय होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून होतं. छापील अर्ज. त्याला जोडलेली, माझ्या शब्दांत लिहिलेली अडीच पानी हकीकत: घरात काय घडलं, कोण काय बोललं, मी घर का सोडलं, आता कुठे राहते. इस्पितळाचे डिस्चार्ज पेपर. आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलीचा बोनाफाइड दाखला. पुढे पॅनेलवरच्या वकील मॅडम नेमल्या गेल्या, तेव्हा दावा कसा उभा करता येईल यावर त्यांनी कार्यालयाला दिलेलं टिपणही त्याच फाइलीत लागलं. थोडक्यात, माझी बाजू काय, माझा पुरावा काय आणि तो कुठे लंगडा पडतो, हे सगळं एका पुठ्ठ्यात बांधलेलं होतं.

अर्ज करणाऱ्याचं नाव मला ओळखीचं होतं. दिरांच्या दुकानात बसणारा माणूस. त्याने पाच गोष्टी मागितल्या होत्या: माझ्या अर्जाची सत्यप्रत, सोबतच्या सर्व कागदांच्या प्रती, उत्पन्नाचा दाखला, नेमलेल्या वकिलाचं नाव व त्यांना दिलेलं मानधन, आणि वकिलांशी झालेला पत्रव्यवहार. माहिती कशासाठी हवी हे त्याने लिहिलं नव्हतं. ते लिहावं लागतही नाही. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही, आणि हे कलम चांगलं आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या कित्येक गरिबांचं त्याच्याच जोरावर निभावतं.

पत्राच्या वर लिहिलं होतं, 'माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलम ११ अन्वये त्रयस्थ पक्षास नोटीस'. मी इतके अर्ज टाइप केले होते, पण हे कलम उघडून वाचायची वेळ कधी आली नव्हती. त्या रात्री वाचलं. जन माहिती अधिकाऱ्याला एखाद्या तिसऱ्या व्यक्तीची माहिती, किंवा तिने कार्यालयाला दिलेली आणि तिने गोपनीय मानलेली माहिती द्यायची असेल, तर अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्याने त्या व्यक्तीला लेखी कळवायचं. त्या व्यक्तीने नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत आपलं म्हणणं मांडायचं, लेखी किंवा तोंडी. ते विचारात घेऊन अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय करायचा आणि तो त्या व्यक्तीलाही लेखी कळवायचा. निर्णय विरोधात गेला तर तिला अपील करता येतं.

दुसऱ्या दिवशी वकील मॅडमना फोन केला. त्यांनी पहिल्या वाक्यातच जे सांगितलं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. "ताई, कलम नीट वाचा. माहिती द्यायचा विचार असेल तरच नोटीस काढतात. नाकारायचीच असती तर तुम्हाला पत्रच आलं नसतं." म्हणजे फाइल द्यायच्या दिशेने कार्यालय निघालेलं होतं, आणि मी गप्प बसले असते तर माझी हरकत नाही असं धरून प्रती निघाल्या असत्या. तसं त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत छापलेलंही होतं. विचार करा, माझ्यासारखीच एखादी बाई, जिला मराठी वाचता येतं पण 'त्रयस्थ पक्ष' म्हणजे आपणच हे उमगत नाही, तिने ते पाकीट देवळीत ठेवून दिलं असतं. ज्या कार्यालयाकडे लोक वकील नाही म्हणून येतात, त्याच कार्यालयाने अशी कलमांची नोटीस पाठवावी आणि तिच्या मागे साध्या भाषेत चार ओळीही लिहू नयेत, हे मला फार लागलं.

उत्तर लिहायला बसले तेव्हा पहिला विचार 'काहीही देऊ नका' असं एका ओळीत लिहायचा होता. मॅडमनी तसं करू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, पाच मागण्या आहेत तर पाच उत्तरं द्या, आणि ज्यावर खरंच हरकत नाही त्यावर घेऊ नका. सरसकट नकाराला वजन राहत नाही. कायद्यात कलम १० आहे: ज्या कागदात थोडी माहिती देण्याजोगी आणि थोडी न देण्याजोगी असेल, तिथे दुसरी वगळून पहिली द्यायची. म्हणून आम्हीच ती वेगळी करून दाखवली.

वकिलाचं नाव आणि मानधन, या मागणीवर मी लिहिलं: हरकत नाही. तो पैसा सरकारचा आहे. कुणाला किती दिला हे कुणीही विचारावं.

उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि आधार-रेशन कार्डावर हरकत घेतली, कलम ८(१)(ञ) खाली. व्यक्तिगत माहिती, जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी उघड केल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येईल, ती व्यापक जनहित असल्याशिवाय द्यायची नाही, असं ते कलम तेव्हा होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सरकारी नोकराचं आयकर विवरणपत्रसुद्धा व्यक्तिगत माहिती धरली. मी तर सरकारी नोकरही नाही.

हकीकतीची अडीच पानं हा खरा मुद्दा होता. त्यासाठी कलम ८(१)(ङ): विश्वासाश्रित नात्यातून, म्हणजे एकाने भरवसा ठेवून दुसऱ्यावर सोपवल्यामुळे, मिळालेली माहिती. २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात अशी नाती कोणती ते न्यायालयाने उदाहरणं देऊन सांगितलंय आणि त्यात वकील व अशील हे नातंही आहे. आम्ही लिहिलं की वकील मिळावा म्हणूनच मी ही हकीकत कार्यालयाला सांगितली. खासगी वकिलाकडे गेले असते तर हेच शब्द त्यांच्या कपाटात बंद राहिले असते. पैसे नाहीत म्हणून सरकारी दारात गेले, तर तेच शब्द दहा रुपयांच्या स्टॅम्पवर विरोधकाला मिळावेत का? हे वाक्य माझं आहे. मॅडमनी ते खोडलं नाही, आणि आजही त्यातला एक शब्द बदलावा असं मला वाटत नाही.

वकिलांच्या टिपणावर भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२. जुन्या पुरावा कायद्यात हेच १२६ व्या कलमात होतं. अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाने त्याच्याशी झालेलं बोलणं, त्याला दिलेला सल्ला उघड करायचा नाही. वकिलाकडे काम करणाऱ्या कारकुनालाही तो नियम लागतो.

सगळ्यात अवघड होते इस्पितळाचे कागद. ते यजमानांचे. यजमान हयात नाहीत. समोरचा म्हणू शकत होता की मेलेल्या माणसाचं कसलं खासगीपण, आणि त्याला ही माहिती मागायला सांगणारे तर यजमानांचे सख्खे भाऊ. इथे मी बरीच अडले होते, कारण मला स्वतःलाच उत्तर सापडत नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं. हे कागद मी माझ्या कामासाठी कार्यालयाकडे विश्वासाने दिले. त्यातली माहिती मागे राहिलेल्या बायकोला आणि मुलीलाही चिकटते, गावात तर जास्तच. आणि दाव्यात हे कागद पुरावा म्हणून दाखल होतील तेव्हा प्रतिवादींना त्यांच्या प्रती न्यायालयाच्या रीतीने मिळणारच आहेत. तेव्हा लपवण्याचा प्रश्न नाही, कधी आणि कुणासमोर मांडायचे एवढाच आहे.

आणखी एक गोष्ट करायचा मोह झाला होता. कलम ८(१)(छ) आहे, जीविताला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर माहिती न देण्याचं. माझा सध्याचा पत्ता त्या अर्जात होता. मॅडमनी विचारलं, "कुणी धमकी दिलीय का?" दिली नव्हती. "मग ते कलम लावायचं नाही. ज्या बाईला खरंच मारहाणीची भीती आहे, तिच्यासाठी ते तसंच धारदार राहू द्या." पत्ता व्यक्तिगत माहिती म्हणूनच वगळायला सांगितला.

उत्तर मी स्वतः टाइप केलं, मुदतीच्या आत नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का व तारीख घेतली. खिडकीवरच्या भाऊंनी "शिक्का कशाला ताई, घेतलंय ना" म्हटलं. तरी घेतला. तोंडी सांगितलेलं फाइलीत लागत नाही.

निर्णय पोस्टाने आला. वकिलाचं नाव, नेमणुकीची तारीख आणि मानधन द्यायचं. बाकी चारही मागण्या नाकारल्या, ८(१)(ङ) आणि (ञ) खाली. अर्जदाराने प्रथम अपील केलं. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचं असतं. सुनावणीला मलाही बोलावलं. तिथे तो म्हणाला, सरकारच्या पैशाने वकील मिळाला आहे, मग कागदही सरकारी. अपिलीय अधिकाऱ्यांनी त्याला शांतपणे विचारलं की पैशाचा हिशेब तुम्हाला दिला आहे, आता त्याशिवाय यात जनतेचं कोणतं हित आहे ते सांगा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घरचं प्रकरण आहे साहेब." अपील फेटाळलं गेलं. पुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस असतात. तो गेला नाही.

हे सगळं झालं तेव्हा कायदा जुना होता. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ८(१)(ञ) बदललं. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने त्यातल्या सगळ्या अटी गेल्या आणि 'व्यक्तिगत माहिती' एवढंच उरलं. ओळखीचे लोक मला म्हणाले, तुझं तर बरं झालं, आता भांडायलाच लागणार नाही. मला तसं वाटत नाही. माझी फाइल जुन्या कलमानेच वाचली होती, आणि वाचली ती तोलून. मानधन दिलं गेलं, हकीकत राहिली. मला तेच योग्य वाटतं. त्याच काळात दिरांच्या नावे फेरफार कोणत्या कागदांवर मंजूर झाला, नोटीस कुणाला बजावली, हे मी माहिती अधिकारातच मागितलं होतं. त्या कागदांवर माणसांची नावं आहेत, सह्या आहेत. प्रत्येक नावाला 'व्यक्तिगत' म्हणून झाकायचं ठरवलं तर माझ्यासारखीच्या हातात काय उरेल? जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण ती वापरायची की नाही हे कार्यालयाने ठरवायचं आहे. जुन्या कलमात तो तोल अधिकाऱ्याला त्या नोंदीतच करावा लागत होता. एका विधवेची हकीकत आणि एका अधिकाऱ्याची सही एकाच पडद्याआड जाऊ नयेत.

तरीही माझी मोठी काळजी अपिलाची नाही, खिडकीची आहे. माझी फाइल एवढी जाड झाली कशी? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवा कुणाला मिळते याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, मुलं, कोठडीतले लोक, कामगार, आणि स्त्री. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे ती इतरांसाठी, केवळ उत्पन्नाच्या आधारावर मदत मागणाऱ्यांसाठी. आणि त्यांच्याबाबतीतही कलम १३ सांगतं की उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. मग माझ्याकडून उत्पन्नाचा दाखला का घेतला? रेशन कार्ड का? मुलीचा बोनाफाइड कशासाठी? खिडकीवर सांगितलं गेलं, "सगळ्यांचे घेतो, लावून ठेवा." आणि बाकावर बसलेल्या आठ-दहा माणसांसमोर मोठ्याने विचारलं गेलं, मॅटर कसला, नवऱ्याचा की जमिनीचा. त्या बाकावर आमच्या गावचा माणूस असता तर पुढच्या कलमांना काही अर्थच उरला नसता.

झेरॉक्सच्या धंद्यात मी हे रोज पाहते. एका कामाला लागतो एक कागद, लोक काढतात चार-चार, 'असू द्या' म्हणून. त्यातले किती परत येतात? खराब निघालेल्या प्रती मी माझ्या टेबलाशी फाडून टाकते, पण भेळेच्या कागदावर आधार क्रमांक मी पाहिलेला आहे.

व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या त्या नवीन कायद्यात इथे एक चांगली गोष्ट आहे आणि एक फार वाईट. चांगली अशी की सरकारने सेवा किंवा लाभ देताना जेवढी गरज तेवढीच व्यक्तिगत माहिती घ्यावी, असं त्याच्या २०२५ च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलं आहे. तो भाग अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. वाईट अशी की आपली माहिती पुसून टाका असं सांगण्याचा जो हक्क नागरिकाला दिलाय, तो सरकार आणि सरकारी यंत्रणांच्या बाबतीत कलम १७(४) ने काढून घेतला आहे. काम संपल्यावर माहिती आपणहून पुसण्याचं बंधनही त्यांच्यावर नाही. खासगी दुकानदाराला मी 'माझा नंबर काढून टाका' म्हणू शकेन. सरकारी विधी कार्यालयाला, जिथे माझ्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक पानं आहेत, तिथे म्हणू शकणार नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) ही पाहा: घटनेला वीस वर्षं झाली की (ङ) आणि (ञ) ची ढाल त्या कलमाच्या शब्दांप्रमाणे उरत नाही. तेव्हा माझी मुलगी तिशीत असेल.

म्हणून आता माझ्या टेबलावर विधी सेवेचा अर्ज टाइप करायला कुणी बाई आली की मी काही गोष्टी करून देते. अर्जाच्या माथ्यावर एक ओळ टाकते: 'या अर्जातील व सोबतच्या कागदांतील माहिती मी गोपनीय समजून देत आहे.' कलम ११ मध्ये 'त्या व्यक्तीने गोपनीय मानलेली' असे शब्द आहेत, तर ते कागदावर आधीच असलेलं बरं. उत्पन्नाचा दाखला जोडू नका, मागितला तर कलम १२ दाखवा, म्हणून सांगते. हकीकत अर्जात दहा ओळींत लिहा, बाकीचं नेमलेल्या वकिलालाच सांगा, समोरासमोर. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा, 'फक्त विधी सेवा अर्जासाठी', आणि तारीख. आणि कचेरीचं पत्र आलं, कळलं नाही, तर त्याच दिवशी घेऊन या किंवा १५१०० वर फोन करा. दहा दिवस लवकर जातात.

अपिलाचा निकाल लागल्यावर मी प्राधिकरणाला एक अर्ज दिला: गरज नसलेले कागद, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बोनाफाइड यांच्या प्रती मला परत द्याव्यात, आणि त्या संगणकावर स्कॅन करून ठेवल्या असतील तर त्या कोण पाहू शकतं ते कळवावं. नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी तो वाचला, मला बसायला सांगितलं आणि कागदी प्रती सहीनिशी परत दिल्या. अर्ज घेण्याची जागा बाकापासून आत हलवतो असंही म्हणाले, आणि मागच्या खेपेला गेले तेव्हा खरंच आतल्या खोलीत टेबल लागलेलं होतं, दाराला पडदा होता. स्कॅनबद्दलचं उत्तर अजून आलेलं नाही. वाटणीच्या दाव्यात साक्षीपुरावा सुरू झाला आहे आणि इस्पितळाचे कागद आता निशाणी पडून, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक लागून, न्यायालयापुढे आहेत.